गाडीच्या दारासाठी फायबरग्लासचे स्पीकर पॉड: हाडं आधी, कातडं नंतर

दारात चांगले स्पीकर बसवले, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला, तरी आवाज घोट्यापाशीच घुटमळतो आणि बेस जरा वाढवला की दाराचं प्लास्टिक दात वाजवायला लागतं. पॉड, म्हणजे दारावर स्पीकर धरणारं कवच, करायचं खूळ डोक्यात शिरतं ते बहुधा इथून. मग डबाभर रेझिन घरी येतं आणि पहिल्याच सुट्टीच्या दिवशी ओतायला सुरुवात होते. माझंही तसंच झालं होतं. पहिली जोडी दिसायला झकास झाली आणि वाजायला मूळच्या प्लास्टिकपेक्षा वाईट. सगळं लक्ष कातड्यावर दिलं होतं, हाडांकडे बघितलंच नव्हतं.

फायबरग्लास म्हणजे काचतंतूंची मॅट आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. १९५३ साली शेव्हर्ले कॉर्व्हेटची बॉडी यातूनच घडवली गेली, तेव्हा या मालाच्या ताकदीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण चार-पाच मिलिमीटरचं कवच कितीही टणक असलं, तरी ते ज्याच्यावर बसलंय तेच थरथरत असेल तर काय उपयोग? स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा शंकूसारखा पडदा, पुढे ढकलला जातो तेव्हा तेवढाच धक्का मागे चौकटीला बसतो. ती चौकट दाराच्या पत्र्याला घट्ट जोडलेली हवी. नुसत्या प्लास्टिकच्या पॅनेलला लटकवलेला पॉड म्हणजे ढोलकं झालं.

पॉडनं कामं करायची तीन. स्पीकर दाराच्या पत्र्याशी एकजीव करायचा, त्याच्या पुढचा आवाज मागच्या आवाजापासून वेगळा ठेवायचा आणि जमलं तर त्याचं तोंड ऐकणाऱ्याकडे वळवायचं. क्रम हाच. पुढची आणि मागची लाट एकमेकींच्या उलट असतात. बाजूच्या फटीतून त्या भेटल्या की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. तोंड वळवण्याचं कौतुक जरा जास्तच केलं जातं. साडेसहा इंची स्पीकरचा कामाचा कोन साधारण १३ सेंटिमीटर व्यासाचा असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर तरंगलांबी कोनाएवढी होते ती २६०० हर्ट्झच्या आसपास, आणि त्याच्या वरच आवाज ठळकपणे टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेला जायला लागतो. वरचे सूर ट्वीटरकडे, म्हणजे त्यांच्यासाठीच्या वेगळ्या छोट्या स्पीकरकडे, सोपवलेले असतील, तर खालच्या स्पीकरला १५-२० अंशांचा कल पुष्कळ झाला.

पॉड बंद खोका करायचा की मागून दारात उघडा ठेवायचा, हे आधीच ठरवा. दिसायला बंद खोका शहाणपणाचा वाटतो. आकडे घालून बघू. समजा माहितीपत्रकात स्पीकरची अनुनाद वारंवारता, म्हणजे एफएस, ६० हर्ट्झ आहे, क्यूटीएस (अनुनादाला किती लगाम आहे त्याचा आकडा, जास्त म्हणजे लगाम कमी) ०.६ आणि व्हीएएस (स्पीकरच्या लवचिकपणाइतकी लवचिक असणारी हवा) १२ लिटर. पॉडच्या आत जागा २ लिटर. १२ ला २ ने भागून १ मिळवला की ७, त्याचं वर्गमूळ २.६५. एफएस आणि क्यूटीएस दोन्हींना याने गुणायचं. अनुनाद गेला १५९ हर्ट्झवर आणि क्यू झाला १.५९. कानाला हे कसं लागतं? दीडशेच्या आसपास बोंब, खाली शुकशुकाट. लहान बंद पॉडसाठी मुद्दाम बनवलेला स्पीकर असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पॉड मागून उघडा ठेवावा आणि दाराची पोकळी हाच खोका धरावा. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

मोजमाप, आणि काच खाली करून

दाराचं पॅनेल काढा. स्क्रू कुठे लपलेत ते आधी शोधा, हँडलच्या मागे आणि आर्मरेस्टच्या खोबणीत हमखास असतात. मग प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा एकेक करून सोडवा. खिडकीच्या बटणांचे कनेक्टर कसे बसलेत त्याचा फोटो काढून ठेवा.

खोली मोजताना काच पूर्ण खाली हवी. वाचायला हे बावळटपणाचं वाटेल, पण मी पहिल्या वेळी काच वर असतानाच मापं घेतली. स्पीकर बसला, पॅनेल बसलं, पाठ थोपटून घेतली, आणि बटण दाबल्यावर आतून ‘टक्’ असा आवाज येऊन काच तीन-चतुर्थांशावर थांबली. मॅग्नेटच्या कडेला टेकली होती. दाराची काच सपाट नसते आणि सरळही उतरत नाही. म्हणून काचेच्या तीन-चार स्थितींत पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर घ्या आणि सर्वांत कमी अंतरातून १० मिलिमीटर सोडून द्या. उरलेली खोली तुमची. स्पीकरची खोली त्याहून जितकी जास्त, निदान तितकी स्पीकर धरणारी रिंग पत्र्यापासून बाहेर आली पाहिजे.

आता बाहेरची बाजू. दार बंद करताना पॉडचा पुढचा कोपरा डॅशबोर्डला घासतो का? सीट पूर्ण पुढे घेतली तर तिची कड कुठे येते? चालवणाऱ्याचा गुडघा, उघडायचं हँडल, खिडकीचा हात-खटका, सगळं मोकळं राहिलं पाहिजे. कागदावर हे कळत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे आणि चिकटपट्टी घेऊन पॉडएवढा ओबडधोबड आकार पॅनेलवर उभा करा आणि आठवडाभर तशीच गाडी वापरा. हसतील लोक, हसू दे. माझा दुसरा पॉड या पुठ्ठ्यामुळेच ३० मिलिमीटरने बारीक झाला. पाय आत घेताना पोटरी रोज घासत होती.

यात एअरबॅगचा विषय आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सीटच्या बाजूतून उघडणाऱ्या एअरबॅगला दार आणि माणूस यांच्यामधली जागा लागते. मोठा पॉड त्या वाटेत उभा राहता कामा नये. शिवाय काही गाड्यांमध्ये बाजूने धडक बसल्याचं ओळखणारा सेन्सर दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब मोजतो. अशा दारात नवी भोकं पाडणं किंवा मोठी भोकं बुजवणं म्हणजे त्या सेन्सरच्या हिशेबात ढवळाढवळ. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. दाबावर चालणारा सेन्सर असेल तर पत्रा कापू नका, मूळ भोकावरच काम भागवा. दाराच्या आतली आडवी तुळई तर कोणत्याही गाडीत हातही लावायची गोष्ट नाही.

साहित्य

पॉलिएस्टर रेझिन आणि त्याचा हार्डनर, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड (तुकडे केलेल्या तंतूंची) मॅट, ताणलं जाणारं पॉलिएस्टर फ्लीसचं कापड, १८ मिलिमीटरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी) किंवा पीव्हीसी फोमबोर्ड, दोन भागांचं इपॉक्सी, बॉडी पुट्टी, रंगकामाची मास्किंग टेप, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, मोल्ड सुटायला लावतात ते मेण, टाकाऊ ब्रश, दात्यांचा छोटा रोलर, अ‍ॅसिटोन. पॉलिश पेपर ६० नंबरपासून ३२० पर्यंत. इपॉक्सी रेझिन वापरायचं असेल तर ही मॅट घेऊ नका. चॉप्ड मॅटचे तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, म्हणून मॅट मऊ होऊन वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठच राहते. आणि आकार द्यायला थर्मोकोल नको. पॉलिएस्टर रेझिन लागलं की तो डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. पीयू फोम चालतो.

मास्क ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा हवा. धुळीच्या मास्कने स्टायरीनची वाफ अडत नाही. घासकामाला धुळीचा फिल्टर वेगळा. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि चारही बाजूंनी बंद गॉगल. गॉगल हार्डनरसाठी. हा हार्डनर म्हणजे एमईकेपी, एक सेंद्रिय पेरॉक्साइड आहे, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा धरा आणि तसेच डॉक्टरकडे जा. काम उघड्यावर किंवा भरपूर वारा असलेल्या जागी, आसपास ठिणगी किंवा शेगडी नको.

सांगाडा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

पहिला भाग पाया. तो पॅनेलच्या आकारावर तंतोतंत बसायला हवा आणि पॅनेलवरच घडवला तर तसा बसतो. पॉड जिथे येणार तिच्या चारी बाजूंना १० सेंटिमीटर जास्त भागावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, एकमेकांवर अर्ध्या चढलेल्या पट्ट्यांचे. त्यावर फॉइल, बोटाने घासून बसवलेली. फॉइलवर मेणाचे दोन हात. उरलेल्या पॅनेलवर प्लास्टिकचा कागद. एबीएस प्लास्टिकच्या पॅनेलवर रेझिनचा एक थेंब सांडला तर तिथे कायमचा डाग राहतो. मग मॅटचे दोन थर रेझिनने बसवा, कसे ते पुढे येतं. पूर्ण वाळल्यावर कडेने पाचर घालून हळूहळू उचला. ‘चर्र’ आवाज करत सुटेल, घाबरू नका. हा पाया हव्या त्या रेषेवर कापून कडा घासून घ्या. मधोमध मोठं भोक पाडा, हात आत जाईल इतकं. कडेला ३०-४० मिलिमीटरची पट्टी उरली की पुरे. मूळ पॅनेलच्या जाळीमागेही तेवढंच मोकळं हवं, नाहीतर स्पीकर मागे दाराच्या पोकळीशी बोलणार कसा?

दुसरा भाग रिंग. आतला व्यास स्पीकरच्या कटआउटपेक्षा ४ मिलिमीटर जास्त ठेवा. आतल्या कडेवर कापड वळलं की प्रत्येक बाजूला दीड-दोन मिलिमीटर खातं. बाहेरचा व्यास स्पीकरच्या फ्रेमपेक्षा २५-३० मिलिमीटर जास्त. जाळी बसवायची असेल तर तिची खोबण आत्ताच राउटरने काढा, नंतर पश्चात्ताप होतो. स्पीकरचे बोल्ट जिथे येतात तिथे मागून टी-नट, म्हणजे लाकडात रुतणारे दातेरी नट, ठोका. एमडीएफमध्ये थेट मारलेला स्क्रू तीन-चार वेळा काढघाल केली की भुसा धरून बसतो. एमडीएफ पाणी पितो आणि फुगतो, दाराच्या आत तर पाणी येतंच. म्हणून रिंगच्या सगळ्या बाजूंना पातळ रेझिनचा हात द्या.

आता पाया पॅनेलवर ठेवून रिंग त्याच्यापुढे हव्या त्या कोनात अधांतरी धरायची. लाकडी दांड्यांचे चार तुकडे कापा, प्रत्येकाची लांबी वेगळी येईल. आधी गरम गोंदाने जागेवर टाचा, मग चालकाच्या सीटवर बसून बघा. एक डोळा मिटा. रिंग लंबवर्तुळ दिसते की गोल? साधारण गोलाकडे झुकलेली, तिचं तोंड गाडीच्या मध्यावर आतल्या आरशाकडे रोखलेलं, एवढं पुरे. नीट जमलं की प्रत्येक दांड्याच्या बुडाशी आणि डोक्याशी इपॉक्सीचा जाड गोळा द्या. हे टाळून फक्त गरम गोंदावर भिस्त ठेवली तर रेझिन तापताना तोच गोंद मऊ होतो आणि रिंग गुपचूप दोन-तीन अंश झुकते. उन्हात उभ्या गाडीतही तेच.

डाव्या-उजव्या जोडीचं दुखणं इथेच असतं. पहिला पॉड पूर्ण करून मग दुसऱ्याला हात घालायचा, ही चूक. दोन्ही सांगाडे एकाच दिवशी, एकाच टेबलावर करा. पहिल्याच्या दांड्यांना नंबर द्या, लांबी आणि पायावरची जागा कागदावर उतरवा, तो कागद उलटा करून दुसऱ्या पायावर ठेवा आणि भोकं टोचून घ्या. मी एकदा हे नजरेने केलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला कधी कळलं नाही, मला मात्र त्या गाडीत बसल्यावर दुसरं काही दिसायचंच नाही.

राहिला सांधा, म्हणजे हे सगळं पत्र्याला कसं धरायचं. पायाच्या पट्टीतून चार जागी एम६ बोल्ट आरपार काढायचे, ते पॅनेलमधून जाऊन दाराच्या आतल्या पत्र्यात बसवलेल्या रिव्हनटमध्ये (रिव्हेटसारखा पत्र्यात आवळून बसणारा नट) घट्ट होतील असे. पॅनेल आणि पत्रा यांच्यात फट असते. म्हणून प्रत्येक बोल्टवर पायाच्या पाठीपासून पत्र्यापर्यंत पोचेल इतक्या लांबीची धातूची नळी घाला. नळी नसेल तर बोल्ट आवळल्यावर पॅनेलच आत दबतं. नळी असली की भार पाया, नळी आणि पत्रा या वाटेने जातो, पॅनेल मध्ये नुसतं अडकलेलं राहतं. पॅनेलमध्ये या नळीसाठी मोठं भोक पाडा, पायात फक्त बोल्टपुरतं, आणि बोल्टच्या डोक्याखाली रुंद वायसर द्या. भोक पाडण्याआधी पत्र्यामागे वायर, काचेची यंत्रणा किंवा काचेची वाट नाही ना, हे टॉर्च लावून बघाच. बोल्टची डोकी पॉडच्या आत येतात, तेव्हा स्पीकर काढल्यावर रिंगच्या तोंडातून पाना पोचेल अशा जागी ती ठेवा.

कापड

ताणलेल्या कापडाचा एक स्वभाव आहे. ते दोन टेकूंच्या मधून सरळ जातं किंवा आत जातं, बाहेर कधीच फुगत नाही. पोटाळा आकार हवा असेल तर तिथे पीयू फोमचा तुकडा चिकटवून तासा. कापडाकडून ते होणार नाही.

फ्लीस रिंगवर आणि पायावर मोकळं टाका, रिंगच्या पुढच्या तोंडावर सुपरग्लूने धरा. मग डफावर कातडं चढवतात तसं. वर एक ठिकाण ओढून धरलं की लगेच खाली समोरचं, मग डावं, मग उजवं, मग त्यांच्या मधली. एका बाजूने ओढत निघालात तर शेवटी सगळ्या सुरकुत्या शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतात. कापड पायाच्या कडेवरून मागे १५ मिलिमीटर वळवून तिथेही सुपरग्लू. सुती कापडावर सुपरग्लू टाकला तर तो झपकन तापतो, बोट भाजतं. पॉलिएस्टरला हा त्रास फारसा नाही.

ताण झाला की पॉड खिडकीसमोर धरून तिरप्या उजेडात बघा. जी सुरकुती आत्ता दिसते ती रेझिननंतर दगड होणार आहे.

रेझिन

दुकानातून रेझिन घेताना त्यात अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे घट्ट होण्याला वेग देणारा पदार्थ, आधीच मिसळलेला आहे का ते विचारा. नसेल तर कोबाल्टची जांभळी बाटली वेगळी मिळते. ती आधी रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायची, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर यांची थेट गाठ कधीही पडू देऊ नका. दोन्ही सरळ एकत्र आले तर भडका उडतो किंवा स्फोट होतो. दोघांसाठी वेगळी सिरिंज, वेगळी फळी, वेगळं झाकण.

हार्डनरचं प्रमाण वजनाच्या १ ते २ टक्के. १५० ग्रॅम रेझिनला दीड टक्का म्हणजे सव्वादोन ग्रॅम, सिरिंजमध्ये जवळजवळ २ मिली. थेंब मोजत बसू नका. एक टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन आठवडाभर चिकट राहतं, दोनच्या बरंच वर गेलात तर तापून तडकतं. हवा गार असेल तर दोनकडे, गरम असेल तर एककडे. खूप दमट दिवस असेल तर काम पुढे ढकललेलं बरं.

एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. मी एकदा वेळ वाचवायला अर्धा किलो कालवलं होतं. दहाव्या मिनिटाला ब्रश जड लागला, बाराव्याला कप हातात धरवेना, मग मधोमध एक पिवळी भेग पडली आणि तिच्यातून धूर निघायला लागला. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं आणि खोल कपात तिला पळायला जागा नसते. उरलेलं रेझिन नेहमी पसरट पत्र्यावर पातळ ओता. हार्डनर लागलेली फडकी पाण्यात बुडवून ठेवा, गोळा करून कचऱ्यात टाकू नका.

पहिला हात कापडावर बाहेरून. ब्रश ओढायचा नाही, टेकवत जायचं. फ्लीस पूर्ण भिजलं की त्याचा रंग गडद होतो आणि मागचा उजेड थोडा दिसतो. कोरडा ठिपका राहिला तर तिथे पुढे पुट्टी सुटते. पॉड दर पाच मिनिटांनी फिरवा, नाहीतर सगळं रेझिन खालच्या कडेला थेंबाथेंबाने जमा होईल. फ्लीस भरपूर पितं, तेव्हा दुसरा कप कालवायची तयारी ठेवा.

मग रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी वरचा थर किंचित चिकट लागेल. घाबरू नका, हवेतल्या ऑक्सिजनमुळे साध्या पॉलिएस्टर रेझिनचा पृष्ठभाग पूर्ण वाळत नाही. पुढचा थर त्यावर उलट चांगला धरतो. मेण मिसळलेलं फिनिशिंग रेझिन वापरलं असेल तर मात्र घासल्याशिवाय पुढचा थर देऊ नका, सुटून येईल.

ताकद मात्र आतून येते. या टप्प्यावर पॉड टणक लागतो आणि बरेच जण इथेच थांबतात. आपटलं तर अंड्यासारखा फुटेल. मॅटचे तळहाताएवढे तुकडे करा, कात्रीने नव्हे, हाताने फाडून. फाटलेल्या कडेचे तंतू पसरतात आणि शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात, कापलेली कड उंचवटा सोडते. रिंग आणि कापड मिळतात तो आतला काटकोन रेझिन-पुट्टीच्या जाड लगद्याने आधी बोटाएवढा गोलसर भरा, कारण मॅट काटकोनात बसत नाही, पूल बांधते आणि खाली हवा राहते.

आतल्या पृष्ठभागावर रेझिनचा हात, त्यावर तुकडा, वरून रेझिन टेकवा, दात्यांचा रोलर फिरवा. पांढरी मॅट पारदर्शक होते तसं तिथलं काम झालं असं समजा. पांढरं राहिलं म्हणजे एक तर कोरडं किंवा हवा. ४५० ग्रॅमचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. मी तीन थर देतो, रिंगभोवती आणि बोल्टच्या जागी पाच. हिशेब असा: आतलं क्षेत्र ०.१२ चौरस मीटर, तीन थर, म्हणजे मॅट १६२ ग्रॅम. तिला अडीचपट रेझिन, सुमारे ४०५ ग्रॅम. कापडाने प्यायलेलं वेगळं. रेझिन जास्त ओतून ताकद वाढत नाही, ठिसूळपणा वाढतो. दोन थर एका बैठकीत, तिसरा ते थंड झाल्यावर.

पुट्टी आणि घासकाम

रिंगच्या तोंडावरचं कापड ब्लेडने कापून आतली कड कानशीने साफ करा आणि स्पीकर बसवून बघा. तो आत्ता सैलसर बसला पाहिजे. पुढे रंग आणि रेक्झिनही जागा खाणार आहे.

चिकटपणा अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा, मग ६० नंबरने पूर्ण पॉड खरवडा. चकाकी कुठेही राहू नये. पुट्टी पातळ द्या. ३ मिलिमीटरहून जाड थर एका दमात दिला की तडे जातात. पत्रा घासायच्या सपाट लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून घासा, नुसत्या बोटाने घासलं तर बोटांच्या जागी खड्डे पडतात आणि ते फक्त रंगानंतर दिसतात. पुट्टीवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा आणि मग घासायचं ही युक्ती माझा सर्वांत जास्त वेळ वाचवते. काळं उरलं तिथे खड्डा, आधी पांढरं झालं तिथे उंचवटा. ६०, मग १२०, मग १८०, सर्फेसर (रंगाआधीचा बारीक ओरखडे भरणारा हात), आणि शेवटी पाण्याच्या ३२० पेपरने. या टप्प्याला दोन संध्याकाळी सहज जातात.

काचेची धूळ अंगाला लागली की गार पाण्याने धुवा, घासू नका. गरम पाण्याने खाज वाढते असा माझा अनुभव आहे. अ‍ॅसिटोनने हात धुण्याची सवय तर मोडाच, साबण पुरतो.

रंग द्यायचा तर दर्जा काटेकोर हवा, प्रत्येक ओरखडा बोलतो. ताणला जाणारा रेक्झिन चढवला तर ३२० ची गरजही पडत नाही आणि पॉड मूळ पॅनेलशी जुळून जातो. मी रेक्झिनच्या बाजूचा. उन्हात तापलेल्या गाडीत साधा डिंक सुटतो, तेव्हा उष्णता सहन करणारा कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हच घ्या. दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासा झाला की चढवा, आणि आत गेलेल्या वळणापासून सुरुवात करून बाहेर या.

बसवणं

पॅनेल चढवण्याआधी दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर आतल्या बाजूने ब्यूटाइलचे डॅम्पिंग शीट दाबून लावा. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला मोकळा भाग पुरतो. आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं बंद करायची, सेन्सरचं वर सांगितलं ते लक्षात ठेवून. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र कधीही बुजवू नका. काचेच्या रबरातून पाणी आत येतंच, ते खाली निघून गेलं नाही तर दार आतून कुजतं. स्पीकरच्या डोक्यावर पाणी वळवायला मऊ फोमची किंवा प्लास्टिकची अर्धगोल टोपी लावा.

पॅनेलच्या मागे, भोकाभोवती, बंद पेशींच्या फोमची पट्टी चिकटवा, पॅनेल बसल्यावर ती पत्र्यावर दाबली जाईल इतक्या जाडीची. मागची लाट पॅनेल आणि पत्र्याच्या फटीतून केबिनमध्ये शिरते, ती इथे अडते. तशीच पट्टी पाया आणि पॅनेल यांच्यात, आणि पातळशी स्पीकरच्या फ्रेमखाली. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. वायरला इतकी ढील द्या की स्पीकर हातात घेऊन कनेक्टर सोडवता येईल.

दोन्ही बाजूंची ध्रुवता दीड व्होल्टच्या सेलने तपासा, अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून ठेवून. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला टेकवल्यावर कोन बाहेर यायला हवा. एक बाजू उलटी जोडली गेली तर बेस हरवतो आणि माणूस उगाच पॉडला दोष देत बसतो.

मग गाडी बंद, काचा वर, आणि ४० हर्ट्झपासून ३०० पर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा, आवाज मध्यम. एका हाताने पॉड, दुसऱ्याने पॅनेल दाबत जा. कुठल्यातरी आकड्यावर काहीतरी खुळखुळेल, हमखास खुळखुळेल, आणि बहुतेक वेळा ते पॉड नसून दाराच्या लॉकची दांडी किंवा वायरचा सैल गुच्छ निघतो. तिथे फोमचा तुकडा गुंडाळा, सूर पुन्हा सुरुवातीपासून. काच अर्धी खाली करून एकदा, पूर्ण खाली करून एकदा. महिन्याभराने स्पीकर सोडवून ते चार एम६ बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या वेळी पाव ते अर्धा फेरा फिरतातच.